शिंका सकाळी, घरघर रात्री: ॲलर्जीचं वेळापत्रक आणि औषधांची वेळ

ॲलर्जीचं औषध बहुतेक घरांत डोकेदुखीच्या गोळीसारखं घेतलं जातं. त्रास झाला की घ्यायचं, थांबला की पाकीट परत ड्रॉवरमध्ये. ही सवय निम्म्या वेळेलाच उपयोगी पडते, कारण धुळीचा एकच झटका शरीरात तीन वेगवेगळ्या वेळी काम सुरू करतो. पहिलं काम मिनिटांत होतं, दुसरं अर्ध्या तासात आणि तिसरं सहा-आठ तासांनी. पहिली दोन कामं एकाच पेशीची, तिसरं दुसऱ्या पेशींचं. पण प्रत्येक कामाचं रसायन वेगळं आणि त्याला अडवणारं औषधही वेगळं. त्यामुळे ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा गोळी बरोबर असते आणि वेळ चुकलेली असते. म्हणून आधी वेळापत्रक पाहू आणि मग घर, औषधं, तपासण्या आणि तातडीची वेळ या क्रमाने जाऊ.

पहिला अर्धा तास

पहिल्या दोन्ही कामांमागे मास्ट पेशी असतात, म्हणजे ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या प्रतिकारपेशी. त्या रक्तात फिरत नाहीत. अस्थिमज्जेतून त्या कच्च्या अवस्थेत निघतात आणि त्वचा, नाक, श्वासनलिका, आतडं अशा बाहेरच्या जगाशी संबंध येणाऱ्या जागी जाऊन पक्व होतात. बसतात त्याही रक्तवाहिन्यांना आणि नसांना खेटून. पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये रंगद्रव्यं वापरून त्या पहिल्यांदा ओळखल्या, कारण त्यांचं पोट कणांनी गच्च भरलेलं दिसत होतं. या कणांत हिस्टामिन, हेपॅरिन आणि ट्रिप्टेज तयार साठवलेलं असतं.

पेशीच्या बाहेरच्या बाजूला आयजीई प्रकारची प्रतिपिंडं अडकलेली असतात. रक्तात सुटं आयजीई साधारण दोन दिवसांत निम्मं होतं, पण मास्ट पेशीवर बसलेलं आयजीई कित्येक आठवडे टिकतं. म्हणून रक्तात आयजीई कमी दिसलं तरी पेशी सज्ज असू शकते. ही सज्जता आधीच्या संपर्कांतून येते. ‘इतकी वर्षं कोळंबी चालत होती, आत्ताच कसं झालं’ हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर यातच आहे. आधी चाललेली कोळंबी हा पुढच्या प्रतिक्रियेविरुद्धचा पुरावा नाही. शिवाय कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव आणि झुरळ यांच्यातही जवळजवळ तसंच असतं, त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या काहींना पुढे शिंपल्या-कोळंबीचा त्रास सुरू होतो. सगळ्यांना होतो असं मात्र नाही. केवळ धुळीची ॲलर्जी आहे म्हणून कोळंबी बंद करू नका.

ॲलर्जी आणणारं प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम पकडतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि कण बाहेर रिकामे होतात. याला काही सेकंद ते मिनिटं लागतात. हिस्टामिन नसांवर गेलं की खाज आणि शिंका येतात, रक्तवाहिन्यांवर गेलं की त्या पाझरतात आणि नाक गळतं, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. रक्तात हिस्टामिन मिनिटांतच नष्ट होतं.

त्याच वेळी पेशी आपल्या आवरणातल्या चरबीपासून नवीन रसायनं बनवायला लागते. ल्युकोट्रायीन आणि प्रोस्टाग्लँडिन डी२ ही त्यातली मुख्य. ती पाच ते तीस मिनिटांत हजर होतात. श्वासनलिका आवळण्यात ल्युकोट्रायीन हिस्टामिनपेक्षा कितीतरी पट जोरदार आहे. चोंदलेल्या नाकातही या दुसऱ्या फळीचा वाटा मोठा असतो. सेटिरिझिन हे अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिनला अडवणारं औषध, घेतल्यावर शिंका आणि पाणी थांबतं पण नाक बंदच राहतं, त्याचं कारण हेच. अशा वेळी सेटिरिझिनचा डोस स्वतःहून वाढवल्याने झोप वाढते, नाक उघडत नाही.

सहा तासांनी काय होतं

मास्ट पेशी जाता जाता सायटोकाइन नावाचे निरोप मागे ठेवते. त्यातलं आयएल-५ इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावतं, इतर काही निरोप रक्तवाहिनीची भिंत चिकट करतात म्हणजे रक्तातल्या पेशी तिथे उतरू शकतील. बेसोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही येतात. चार ते आठ तासांत ही गर्दी जमते. इओसिनोफिलच्या कणांतली प्रथिनं मुळात कृमींसाठीची शस्त्रं आहेत, पण इथे त्यांचा मार श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतो. अस्तर सोलवटलं की थंड हवा, हसणं, फोडणीचा ठसका अशी साधी कारणंही खोकला काढतात.

दुपारी तीनला पोटमाळा झाडला आणि रात्री अकराला छातीत घरघर सुरू झाली, तर घरात खापर रात्रीच्या दह्यावर किंवा केळ्यावर फुटतं. मधले आठ तास कोणी मोजत नाही. लहान मुलांची केळी, दही, पेरू वर्षानुवर्षं अशीच बंद होतात.

या साखळीत आयजीईला पूर्ण बगल देणारा एक रस्ताही आहे आणि मुंबईत राहणाऱ्याने तो नक्की समजून घ्यावा. नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तराला इजा झाली की अस्तराच्या पेशी टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ हे धोक्याचे इशारे सोडतात. ते इशारे आयएलसी२ नावाच्या जन्मजात प्रतिकारपेशी ऐकतात. या पेशी २०१० च्या सुमारास नीट ओळखल्या गेल्या. त्यांना प्रतिपिंड लागत नाही, आधीची ओळख लागत नाही. इशारा मिळाला की त्या थेट आयएल-५ आणि आयएल-१३ सोडतात, म्हणजे इओसिनोफिल येतात आणि कफही वाढतो. इजा कशाने होते? माइटच्या विष्ठेतलं डर पी १ हे प्रथिन स्वतःच एक विकर (एन्झाइम) आहे, ते अस्तराच्या पेशींमधले सांधे कापतं. सर्दीचे विषाणू, मच्छरची कॉइल, धूप, शेजारच्या पुनर्विकासाच्या इमारतीची सिमेंटची धूळ, सिगारेट हे सगळे तीच घंटा वाजवतात. म्हणूनच ‘माझी ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह आहे’ असं सांगणाऱ्याला दमा असू शकतो आणि त्यात इओसिनोफिलही भरपूर सापडू शकतात.

शेवटची गोष्ट म्हणजे साचत जाणारा परिणाम. रोज थोडी थोडी धूळ नाकात गेली की अस्तरात मास्ट पेशी आणि इओसिनोफिल वाढत जातात आणि सोमवारी ज्या धुळीने काही झालं नव्हतं, तिच्या थोड्याशा अंशाने शुक्रवारी नाक वाहू लागतं. औषध आधीपासून सुरू करण्यामागचं शास्त्र एवढंच.

आधी वही

दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. ‘काय खाल्लं’ एवढंच लिहून भागत नाही. किती वाजता काय खाल्लं, कुठे गेलात, कोणतं औषध घेतलं आणि किती वाजता काय झालं, हे घड्याळ पाहून लिहा. मधल्या अंतरावरून बराच उलगडा होतो.

काही मिनिटं ते दोन तासांत गांधी, ओठ सुजणं, उलटी, शिंका असं झालं, तर मास्ट पेशी आणि बहुधा आयजीई. चार ते दहा तासांनी नाक बंद किंवा घरघर, तर त्याच घटनेचा दुसरा अंक, म्हणून वहीत मागे जाऊन सकाळ-दुपार तपासा. एक ते तीन दिवसांनी खाजरा, कोरडा, ठरावीक जागेवरचा चट्टा आला तर ते काम मास्ट पेशींचं नाही, टी पेशी या वेगळ्या प्रतिकारपेशींचं. टिकलीच्या गोंदाने कपाळावर, केसांच्या काळ्या रंगाने कानामागे, नकली दागिन्यातल्या निकेलने गळ्याशी होतं ते असं. तिथे त्वचेवर टोचून करायच्या प्रिक टेस्टचा उपयोग नाही, पाठीवर ४८ तास पट्ट्या लावून करायची पॅच टेस्ट लागते.

दोन फसव्या गोष्टी वहीत हमखास सापडतात.

पहिली मासळीची. बांगडा, सुरमई, कुपा या मासळीच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. बर्फाशिवाय ती काही तास राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. जेवल्यावर काही मिनिटं ते तासाभरात चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, छातीत धडधड, कधी जिभेला मिरीसारखी चुणचुण. ताटात तोच मासा घेतलेल्या आणखी कोणाला असंच झालं असेल तर ही ॲलर्जी नाही, बाहेरून आलेलं हिस्टामिन आहे. तळून किंवा उकळून ते नष्ट होत नाही. अँटिहिस्टामिनने आराम पडतो, पण जन्मभर बांगडा सोडायची गरज नाही. खरेदीच्या वेळी मासा बर्फात आहे ना ते पाहा, घरी आणेपर्यंत बर्फ ठेवा, घरात ४ अंशांखाली ठेवा. सकाळच्या बाजाराचा मासा संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या बॅगेत ठेवून लोकलने नेणं हा यातला सर्वांत सोपा अपघात आहे.

दुसरी औषधांची. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, व्हँकोमायसिन, भूल देतानाची काही स्नायू सैल करणारी औषधं मास्ट पेशीवरच्या एमआरजीपीआरएक्स२ या वेगळ्याच रिसेप्टरमधून (रसायन ओळखणाऱ्या जागेतून) तिला थेट उघडू शकतात. तिथे आयजीई नसतं, म्हणून पहिल्याच डोसला प्रतिक्रिया येऊ शकते. व्हँकोमायसिनसारख्या औषधात वेगालाही महत्त्व आहे, त्यामुळे एक ग्रॅम किमान तासभर लावून सलाईनमधून देतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं आणखी तिसऱ्या वाटेने त्रास देतात. ती प्रोस्टाग्लँडिनचा रस्ता बंद करतात आणि सगळा कच्चा माल ल्युकोट्रायीनकडे वळतो. नाकात मांसाचे कोंब आणि दमा असणाऱ्यांनी ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोळंबी, वर वेदनाशामक आणि लगेच धावणं किंवा मद्य, अशी बेरीज झाल्यावरच रिॲक्शन येणारे लोकही असतात. वहीत व्यायाम आणि गोळ्या लिहायच्या त्या यासाठी.

कबुतरांबद्दल एक खुलासा. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून वाद पेटला तेव्हा ‘कबुतरांची ॲलर्जी’ हा शब्दप्रयोग सगळीकडे झाला. कबुतरांमुळे फुफ्फुसाला होणारा तो गंभीर आजार मास्ट पेशींचा नाही. त्यात कोरडा खोकला आणि चालताना लागणारा दम महिनोन्महिने वाढत जातो, शिंका नसतात आणि सेटिरिझिनने काही होत नाही. खिडकीवर कबुतरं आणि असा दम, दोन्ही असेल तर थेट छातीरोगतज्ज्ञ गाठा.

घर

माइट हा ०.३ मिलिमीटरचा जीव पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो वाळून मरतो. मुंबईत पावसाळ्यात ती ८० च्या वर असते आणि उन्हाळ्यातही फार उतरत नाही, त्यामुळे पुस्तकातला ५० टक्क्यांचा सल्ला इथे अर्धवटच पाळता येतो. रात्री आठ तास एसी ड्राय मोडवर चालवला तर माइटची वाढ मंदावते, पण दिवसाचे काही तास दमट हवा मिळाली तरी तो तगतो. एसीने माइट संपले असं समजू नका. मात्र झोपायच्या खोलीत दोरीवर ओले कपडे वाळत घालणं बंद करणं हा फुकटचा आणि मोठा उपाय आहे. वन रूम किचनमध्ये ते शक्य नसेल तर कपडे मोरीत किंवा पॅसेजमध्ये, पंखा लावून.

लक्ष गादीवर ठेवा, कारण दिवसातले सात-आठ तास नाक तिथे असतं. गादी आणि उशीला १० मायक्रॉनपेक्षा बारीक विणीचं, चेनने पूर्ण बंद होणारं कव्हर घाला. साधं रेक्झिनही चालतं, फक्त घाम येतो. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गरम पाण्याची सोय नसेल तरी धुवाच, कारण माइट थंड पाण्यात जगला तरी त्रास देणारं प्रथिन पाण्यात विरघळून बरंचसं निघून जातं. जुनी कापसाची गादी ऊन दाखवून झटकली की वरचे माइट मरतात आणि धूळ उडते, म्हणून झटकणारा माणूस ॲलर्जीचा नको. मुलांची मऊ खेळणी पिशवीत घालून चोवीस तास फ्रीझरमध्ये आणि मग धुऊन. नुसतं फ्रीझ केल्याने माइट मरतो, विष्ठा तशीच राहते.

माइटचे कण जड असतात. झाडताना उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. म्हणून केर काढताना ज्याला त्रास आहे त्याने अर्धा तास दुसऱ्या खोलीत राहावं, शक्यतो झाडण्याआधी ओल्या फडक्याने पुसावं. याच कारणाने माइटसाठी महागडा एअर प्युरिफायर घेण्यात फारसा अर्थ नाही, हवेत कण असतातच कुठे फार वेळ. मांजर असेल तर गोष्ट वेगळी, तिचे कण हलके असतात आणि तासन्‌तास तरंगतात. आणि फक्त कव्हर घालून किंवा फक्त पडदे काढून फरक पडत नाही, हे सगळे उपाय एकत्रच करावे लागतात.

झुरळांचा प्रश्न माइटइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो इमारतीचा प्रश्न आहे. फवारा मारला की झुरळं डक्टमधून वरच्या मजल्यावर जातात आणि आठवड्याने परत येतात. जेल वापरा. वाटाण्याहून लहान ठिपके सिंकखाली, फ्रिजच्या मोटरमागे, ओट्याच्या बिजागरांशी, गॅसच्या पाइपच्या भोकापाशी लावा. जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारू नका, वासाने झुरळ जेलकडे येतच नाही. पाइपभोवतीच्या फटी व्हाइट सिमेंटने बुजवा. शक्य असेल तर एका विंगमधल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी काम करून घ्या. झुरळं मेल्यावरही त्यांची विष्ठा आणि कात महिनोन्महिने त्रास देते, म्हणून नंतर कपाटांचे कोपरे साबणाच्या पाण्याने पुसायचे असतात. हा भाग जवळजवळ सगळेच विसरतात.

भिंतीला ओल धरली असेल तर आधी गळती. वर रंग मारला की बुरशी एका पावसात पोपड्यांतून बाहेर येते. टाइल्स आणि पक्क्या भिंतीवरची बुरशी एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी यांनी पुसा, मास्क, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू होतो.

औषधं, वेळेनुसार

अँटिहिस्टामिन बाहेर पडलेलं हिस्टामिन परत आत घालत नाही, ते फक्त त्याची जागा आधी अडवून ठेवतं. म्हणून ते धुळीत जाण्याच्या तासभर आधी जास्त कामाचं. मोठ्यांसाठी रोजचे डोस सेटिरिझिन १० मिलिग्रॅम, लिव्होसेटिरिझिन ५, फेक्सोफेनाडिन १२० किंवा १८०, बिलास्टिन २०. बिलास्टिन जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर रक्तात कमी उतरतं, साध्या पाण्याबरोबर घ्या. ॲव्हिलसारखी जुनी औषधं मेंदूत शिरतात, झोप आणतात. बाइक चालवणाऱ्यांनी ती टाळावीत. रोज उठणारं पित्त सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर त्वचारोगतज्ज्ञ याच नव्या गोळ्यांचा डोस चौपटीपर्यंत वाढवतात, आणि तरी थांबलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन ३०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात. ते सुटं आयजीई पकडतं. डोस वाढवण्याचा हा निर्णय स्वतःहून घ्यायचा नाही.

नाकातला स्टिरॉइड स्प्रे, म्हणजे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, हे सहा तासांनंतरच्या गर्दीचं औषध आहे. ते इओसिनोफिलना येऊ देत नाही आणि आलेल्यांना मरू देतं. परिणाम जाणवायला काही तास ते काही दिवस, पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून ‘काही फरक नाही’ म्हणून बाजूला ठेवलेल्या बाटल्या घरोघरी असतात. गणपतीला वर्षभर बंद असलेल्या गावच्या घरी जायचं असेल किंवा दिवाळीची साफसफाई काढायची असेल, तर डॉक्टरांनी दिलेला स्प्रे दोन आठवडे आधी सुरू करा.

मारायची पद्धत चुकली तर औषध घशात जातं किंवा नाकातून रक्त येतं. बाटली हलवा, नवी असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत मारा. नाक शिंकरून घ्या. मान किंचित पुढे झुकवा, मागे नाही. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात आणि डावीसाठी उजव्या हातात धरा, म्हणजे टोक आपोआप मधल्या पडद्याकडे न जाता त्याच बाजूच्या कानाकडे राहतं. हलका श्वास घेत दाबा. जोरात ओढू नका, घशात कडू लागलं तर जोरात ओढलं गेलं असं समजा.

मीठपाण्याने नाक धुवायचं असेल तर स्प्रेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, नाहीतर औषधच धुऊन जातं. २४० मिलिलिटर पाण्यात साधारण सव्वादोन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ किंवा केमिस्टकडची पुडी घेतली तर चुरचुरत नाही. पाणी खळखळ उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं किंवा टाकीचं नाही. त्यातला नेग्लेरिया हा अमीबा पिण्यात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तो संसर्ग बहुतेक वेळा जीव घेतो. जलनेतीच्या लोट्यालाही हाच नियम.

नाक लगेच उघडणारे झायलोमेटॅझोलिनचे थेंब पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर ते सोडले की नाक आणखी बंद होतं. मॉन्टेल्युकास्ट ल्युकोट्रायीनला अडवतं, पण त्याने झोप बिघडणं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये यासाठी सर्वांत कडक इशारा दिला. आपल्याकडे लिव्होसेटिरिझिनबरोबर एकत्र मिळणारी ही गोळी मुलांना महिनोन्महिने सहज दिली जाते. मुलाच्या वागण्यात बदल दिसला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

दम्याचा निळा पंप म्हणजे सालब्युटामॉल. तो आवळलेली नळी सैल करतो, आतल्या इओसिनोफिलना हात लावत नाही. फक्त त्याच्यावर भागवणं धोक्याचं ठरलं म्हणून २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने मोठ्यांना केवळ सालब्युटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं आहे, स्टिरॉइड असलेला पंप सोबत हवाच. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, एका वेळी एकच पफ, सावकाश श्वास, दहा सेकंद रोखून. नंतर गुळण्या. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, फडक्याने पुसला तर स्थिर विजेमुळे औषध प्लास्टिकला चिकटतं.

तपासण्यांत पैसे कुठे जातात

‘टोटल आयजीई ८०० आहे’ एवढ्यावरून काही ठरत नाही. आपल्याकडे पोटातले कृमीही आयजीई आणि इओसिनोफिल दोन्ही वाढवतात. रक्तात इओसिनोफिल घनमिलिमीटरमागे ५०० पर्यंत ठीक. ३,००० च्या वर असतील आणि रात्री खोकला असेल तर फायलेरियाशी संबंधित फुफ्फुसाचा आजार तपासावा लागतो, त्याचं औषध वेगळं आहे. स्टिरॉइडची गोळी चालू असताना हा आकडा खोटा खाली दिसतो.

प्रिक टेस्टसाठी अँटिहिस्टामिन पाच ते सात दिवस बंद ठेवावं लागतं, सर्दीच्या मिश्र गोळ्यांतलंसुद्धा. निकाल पंधरा मिनिटांनी वाचतात, साध्या द्रावणाच्या फोडापेक्षा ३ मिलिमीटर मोठा असेल तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनच्या टोचणीलाही फोड आला नाही तर संपूर्ण टेस्ट रद्द समजा. पॉझिटिव्हचा अर्थ पेशी सज्ज आहे एवढाच. प्रत्यक्ष त्रास होतो का हे वही सांगते. शंभर-दोनशे पदार्थांची रक्तातली आयजीजी तपासणी करू नका. ते प्रतिपिंड पदार्थ खाल्ल्याची खूण आहे, ॲलर्जीची नाही.

सगळ्या मास्ट पेशी एकदम उघडल्या तर

खाल्ल्यावर, औषधानंतर किंवा गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी आणि सोबत श्वास, आवाज, उलट्या किंवा चक्कर यांपैकी काहीही आलं तर ती ॲनाफिलॅक्सिस. गांधी नसतानाही ती होऊ शकते. औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं आणि मास्ट पेशींना आणखी रिकाम्या होण्यापासून रोखतं. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन यांतलं काहीही करू शकत नाही. ती नंतर, ॲड्रेनलिन दिल्यावर. अजूनही अनेक दवाखान्यांत क्रम उलटा असतो, म्हणून नातेवाईकाने ‘ॲड्रेनलिन दिलं का’ असं स्पष्ट विचारावं.

१. आडवं झोपवा, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवा. उभं करू नका, जिन्यावरून चालवत नेऊ नका. उठून उभं राहताच रक्तदाब कोसळून मृत्यू झालेले आहेत.

२. १०८ ला फोन करा, ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द वापरा.

३. ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर: वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५. म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर, मोठ्याला ०.५. पाच मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा.

ज्याला पूर्वी अशी प्रतिक्रिया आली आहे त्याने घरी ॲड्रेनलिनचं ॲम्प्यूल (काचेची कुपी), सिरिंज आणि एक इंचाची सुई ठेवावी का, हे डॉक्टरांशी ठरवून आणि त्यांच्यासमोर शिकूनच. इन्सुलिनची सिरिंज नको, तिची सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि खुणाही वेगळ्या असतात. ॲम्प्यूल २५ अंशांखाली, अंधारात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं, गुलाबी किंवा तपकिरी झालेलं टाकून द्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांवर ॲड्रेनलिन कमी चालतं, तेव्हा ती गोळी घेत असल्याचं रुग्णालयात आधी सांगा, ग्लुकॅगॉन हे अशा वेळचं औषध तयार ठेवता येतं.

बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. रुग्णालयात असतानाच रक्तातलं ट्रिप्टेज मोजायला सांगा. नमुना घटनेनंतर एक ते चार तासांतला हवा आणि तुलनेसाठी दुसरा चोवीस तासांनंतरचा. दुसऱ्याच्या १.२ पटीत २ मिळवून येणाऱ्या आकड्याहून पहिला जास्त असेल तर मास्ट पेशी खरोखर उघडल्या होत्या हे कागदावर येतं, आणि पुढच्या वेळी भूल देणाऱ्या किंवा दात काढणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवा.